मोजा घातलेली बेल

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या वर, पितळी वाटीची जुनी बेल आहे. बाहेरून बटण दाबलं की एक छोटी दांडी त्या वाटीवर आपटते आणि आमच्याकडे कुणीतरी आलंय हे सगळ्या मजल्याला कळतं. इन्स्पेक्टर जन्मली त्याच महिन्यात मी त्या वाटीवर तिचा लोकरी मोजा चढवला. त्यानंतर बेल वाजेनाशी झाली. नुसती खोकायची. टुक्.

इन्स्पेक्टर म्हणजे माझी मुलगी. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलं, कारण कुणीही पाळण्याशी गेलं की ती आधी त्याला नखशिखांत न्याहाळते आणि मग खिशातलं पेन जप्त करते. तिची झोप इतकी पातळ होती की शेजारच्या खोलीत कुणी शर्टाची बटणं लावली तरी ती जागी व्हायची. आणि ती जागी झाली की घरात कुणीच झोपायचं नाही, असा तिचा कायदा होता.

तेव्हा आम्ही सगळं घरच गप्प केलं. सुरुवात माझी, पण खरा उत्साह माझ्या नवऱ्याचा. तो झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करतो. त्याला एक गोष्ट एकदा दाखवली की ती शंभर वेळा तशीच्या तशी करणार; का करतोय हे विचारणार नाही. बेलवर मोजा दिसल्यावर त्यानं कपाटांच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्या. कुणीतरी भेट म्हणून टेबलावरचं घड्याळ दिलं, तर खोक्यातून बाहेर काढायच्या आधीच त्यातला सेल काढला. स्वयंपाकघराच्या छताला धुराचा अलार्म आहे, तो एकदा टोस्ट करपल्यावर किंचाळला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर इन्स्पेक्टरची कानटोपी, वरून दोरा करकचून बांधलेला.

"आता या घरात आवाज करणारी एकच वस्तू उरली," नवरा अभिमानानं कुजबुजला.

ती वस्तू म्हणजे बाबा, माझे सासरे.

बाबांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला. त्यांच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. शिकणाऱ्यानं ऐन वेळी आरशात केस बघायला घेतले की बाबा तो दाबायचे आणि दाबता दाबता "ब्रेक!" असे ओरडायचे, की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूसही जागच्या जागी थांबायचा. असा आवाज घेऊन ते नातीसाठी कुजबुजायला शिकले. चहा हवा असला की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हातानं कप तोंडाला लावून दाखवायचे. सासूबाई असत्या तर हसून हसून खाली बसल्या असत्या.

बाबांना काहीतरी झालंय हे आधी माझ्या लक्षात आलं. मला बारीकसारीक गोष्टी दिसतात. हा गुण आहे की रोग ते नवऱ्याला विचारा. जिना चढताना बाबा पहिल्या वळणावर थांबून विजेचे मीटर वाचायला लागले. एखाद्या दिवशी ठीक आहे. रोज रोज कोण मीटर वाचतं? मग दंडावर निळे डाग दिसले, जे कुठे आपटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, हाडातून नमुना घेऊन झाला आणि आजाराचं नाव कळलं. ते इतकं लांब होतं की बाबांनी ते एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "ही मालगाडी मला पाठ होणार नाही." त्यानंतर घरात त्या आजाराला मालगाडीच म्हणायचं ठरलं.

मालगाडीच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर लांब रेघ ओढली.

"काका, रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तुमच्या तिथल्या काही पेशी कच्च्याच राहतायत, आणि वाढणं कुठे थांबवायचं ते त्यांना कळत नाहीये. हे असंच चाललं तर त्याचा पुढे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो."

"ब्रेक गेला," बाबा म्हणाले.

"गेला नाही, तीच तर गंमत आहे. ही रेघ म्हणजे एक जनुक. 'पुरे, आता थांब' एवढं पेशीला सांगायचं, हे याचं काम. तुमच्या पेशींत हे शाबूत आहे, अक्षर न् अक्षर जागच्या जागी." मग त्यांनी रेघेवर दाटीवाटीनं ठिपके काढले. "पण त्याच्यावर हे मिथाइल नावाच्या रसायनाचे ठिपके बसलेत. इतके दाट बसले की पेशीला खालचं वाचताच येत नाही. जनुक आहे, पण त्याचं तोंड बंद."

"म्हणजे ब्रेक आहे, पण लागत नाही?"

"बरोबर."

"बाई, आमच्या धंद्यात जो लागत नाही त्याला ब्रेक म्हणत नाहीत."

बाई मनापासून हसल्या. मग त्यांनी औषध समजावलं. दर महिन्याला आठवडाभर, रोज पोटाच्या कातडीखाली सुई. ती एक फेरी. ठिपके कमी व्हावेत म्हणून. काम सावकाश चालतं, पाच-सहा फेऱ्या झाल्याशिवाय निकाल लावायचा नाही, काहींना गुण येतो आणि काहींना येतही नाही. "आणि सुरुवातीला रक्ताचे आकडे उलटे खाली जातात," त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं. "तेव्हा घाबरून सोडायचं नाही."

मी खाली बघितलं. मांडीवर इन्स्पेक्टर बाईंचं पेन चघळत होती.

"हिला...?" एवढंच मी म्हटलं.

"हे ठिपके वय वाढता वाढता बसलेत. काकांच्या तपासण्यांत वारशानं आलेलं काही दिसलं नाही," बाई म्हणाल्या. "माझं पेन मात्र परत द्यायला सांगा."

तीन फेऱ्या झाल्या. आकडे खाली गेले, सांगितलं होतं तसेच. बाबा आता खालच्या मीटरांबरोबर वरच्या वळणावरचे मीटरही वाचायला लागले. पोटावर सुयांचे लाल चट्टे उठलेले. मी घरात येणाऱ्या प्रत्येकाला साबणानं हात धुवायला लावत होते, बाबांच्या दंडावरचे डाग चोरून बघत होते आणि चौथ्या फेरीच्या सोमवारची वाट बघत होते. त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी बाबांनी मला बैठकीच्या खोलीत बोलावलं.

"सूनबाई, सोमवारपासून मी जाणार नाही." हे त्यांनी कुजबुजून सांगितलं, कारण इन्स्पेक्टर झोपली होती. आमच्या घरात भांडणंसुद्धा श्वासातच व्हायची.

"अहो बाबा, त्या म्हणाल्या होत्या ना, आधी आकडे पडतात म्हणून!"

"त्या म्हणाल्या, पडतात. पडले. आता ते पडूनच राहिलेत. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे."

"पण तीनच फेऱ्या..."

"अगं, ब्रेक नसलेली गाडी तीनदा धुतली, चौथ्यांदा धुतल्यावर काय ब्रेक उगवणार आहे?"

मी हातवारे करून भांडले. त्यांनीही हातवारे केले. संध्याकाळी नवरा म्हणाला, "थांब, मी बोलतो त्यांच्याशी," आणि आत गेला. अर्ध्या तासानं बाहेर आला तो क्लच कधी बदलावा याची माहिती घेऊन.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाबांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला की भीती, नाही आला की जास्त भीती.

म्हणून शुक्रवारी दुपारी जे व्हायचं ते झालं. दुधाच्या बाटल्यांची बुचं पातेल्यात उकळत ठेवली, इन्स्पेक्टरला दूध पाजायला आतल्या खोलीत आडवी झाले, दार लोटून घेतलं. डोळे मिटले तेवढंच आठवतंय.

पुढचं मला नंतर कळलं. पातेल्यातलं पाणी आटलं. बुचं वितळली, मग जळायला लागली. खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहते, तिला आमच्या खिडकीतून धूर दिसला. मशीन सोडून ती धावत वर आली, बेल दाबली. टुक्. पुन्हा दाबली. टुक्. मला फोन केला. तो उशीखाली मुका. छताचा अलार्म आपलं काम इमानेइतबारे करत होता, पण कानटोपीच्या आत. बाटलीत अडकलेल्या डासासारखा त्याचा आवाज येत होता.

तो डास बाबांना ऐकू आला. ते बैठकीच्या खोलीत पेपर वाचत होते. डासाचं आणि त्यांचं जुनं वैर. पेपरची सुरळी करून, कान टवकारून, दबक्या पावलांनी ते डासाचा माग काढत स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि दार उघडलं.

"ब्रेक! ब्रेक! अगं ब्रेक मार!"

कित्येक महिन्यांत घरात तो आवाज झाला नव्हता. मी उठले नाही, उडाले. धावत जाऊन गॅस बंद केला, पातेलं चिमट्यानं सिंकमध्ये टाकलं, खिडकी उघडली, बाबांना धुराबाहेर ढकललं, शिंपीणबाईला दार उघडलं आणि मग, सगळ्यात शेवटी, आठवलं. इन्स्पेक्टर! आतून आवाज नाही. मी तशीच आत पळाले.

ती गादीवर बसून हसत होती. तिच्या आजोबांचा आवाज एवढा मोठा असतो, हे तिला आजच कळलं होतं.

धूर ओसरल्यावर मी तिला कडेवर घेऊन बाहेर आले, तर बाबा छताकडे बघत उभे. बारीक किणकिण अजून चालू होती. ते खुर्ची ओढायला लागले.

"खबरदार चढलात तर! प्लेटलेट्स किती आहेत माहितीये ना?"

"मग काठी दे."

काठीच्या टोकानं त्यांनी दोरा सरकवला आणि टोपी खाली पाडली. अलार्म असा किंचाळला की शिंपीणबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. बाबांनी टोपी काठीच्या टोकावर धरून पुन्हा त्याच्यावर दाबली. डास. काढली. किंकाळी. दाबली. डास.

"काका, कळलं हो! चालू आहे तो!" शिंपीणबाई ओरडली.

"चालूच होता," बाबा म्हणाले. "बिघडलेला नव्हताच कधी." ते टोपीकडे बघत राहिले.

"बाबा," मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंचे ते ठिपके..."

"गप. मला कळतंय. एवढी वर्षं शिकवलं, आता जरा शिकू दे."

मला वाटलं, जिंकले. पण बाबा सहजासहजी गिअर बदलणारे नाहीत. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून घरभरच्या चिंध्या, टोप्या, मोजे उतरवले, घड्याळात सेल घातला, आणि चहा पिताना त्यांनी पुन्हा मान हलवली.

"ब्रेक शाबूत आहे, मान्य. टोपी काढली की वाजतो, तेही मान्य. पण मग माझ्या टोप्या तीन महिने काढतायत ना? काढल्या तर वाजत का नाही?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. सोमवारला मधे दोनच दिवस उरले होते.

उत्तर शनिवारी सकाळी बेलवर लटकत होतं. एक मोजा. उजव्या पायाचा, हिरवा. स्वयंपाकघरात अलार्मवर धुतलेली दुसरी टोपी. घड्याळ बंद, सेल शेजारी नीट ठेवलेला. ये रे माझ्या मागल्या.

"हे कुणी केलं?" बाबांनी विचारलं.

नवरा दाढी अर्धी करून बाहेर आला. "काय?"

"मोजा."

तो बेलकडे बघून स्वतःच चकित झाला. "मीच घातला असेल काल आल्यावर. म्हणजे... होता ना तिथे?"

"काढला होता आम्ही!"

"हो, पण रोज असतो ना तिथे. हात आपोआप गेला." तो माझ्याकडे वळला. "अगं, मी काय मुद्दाम केलं का? मला तर आठवतही नाहीये."

बाबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. शिकणाऱ्याला अखेर क्लच सापडावा तसा. "सूनबाई, बाईंना फोन लाव. मोठ्यानं ठेव तो, मला ऐकायचंय."

मी फोन टेबलावर ठेवला. बाबांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"बाई, एक सांगा. तुम्ही ते ठिपके उतरवले, तर ते परत कुणी लावतो का?"

पलीकडे बाईंचा आवाज एकदम खुलला. "लावतो ना! काका, एका पेशीच्या दोन होतात तेव्हा जनुकाची नवी प्रत निघते. ती कोरी असते. पण पेशीत एक कामगार असतो, तो जुनी प्रत बघतो आणि नवीवर बरोबर त्याच जागी ठिपके लावत जातो."

"का लावतो?"

"आधी होते म्हणून."

बाबांनी मुलाकडे बघितलं. मुलाच्या अर्ध्या गालावर फेस वाळत होता.

"मग तुमचं औषध काय करतं?"

"ते नव्या प्रतीत जाऊन बसतं. कामगार ठिपका लावायला आला की त्याचा हात तिथेच चिकटतो. मग पुढची प्रत कमी ठिपक्यांची, त्याच्या पुढची आणखी कमी. एका फेरीत होत नाही ते. औषध थांबलं की नवे कामगार हजर, म्हणून पुन्हा पुन्हा फेऱ्या."

"म्हणजे तुम्ही टोपी काढतच नाही! टोपी घालणाऱ्याचे हात धरता!"

"अगदी बरोबर."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, काका. तुम्ही ब्रेकवरच अडून बसला होतात."

फोन ठेवल्यावर बाबा मुलाकडे वळले. म्हणाले, "आणि तुझा तर धंदाच झेरॉक्सचा. मला आधीच संशय यायला हवा होता."

मोजा आम्ही पुन्हा काढून ठेवला. त्या संध्याकाळी नवरा बाजारातून परत आला. बाबा दाराशी दबा धरून बसले होते. त्यानं चपला काढल्या, किल्ली खुंटीला लावली, नजर बेलकडे वर गेली आणि हात उचलला, तोच बाबांनी त्याच्या हातात इन्स्पेक्टर ठेवली.

"धर."

"अहो बाबा, हात तर धुऊ..."

"आधी धर."

दोन्ही हात गुंतले. इन्स्पेक्टरनं त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, चष्मा काढून घेतला, नाकाची तपासणी केली. ते होईपर्यंत तो बेलला विसरला. रविवारी तो पेपर आणायला बाहेर पडला, परतल्यावर पुन्हा तेच. सोमवारी सकाळी बेल उघडी होती.

"लागू पडलं," बाबा म्हणाले. "आता माझ्यावर बघू." आणि शर्टाची बटणं लावत, पोटावरच्या जुन्या सुयांना शिव्या देत, चौथ्या फेरीला निघाले. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे अर्धा पडला. उरलेला अर्धा मी कायम हाताशी ठेवते.

बेल उघडी राहिली खरी, पण पहिले काही दिवस हाल झाले. दूधवाला आला, रडणं. शिंपीणबाई नवं झबलं घेऊन आली, रडणं. मी दोनदा चोरून मोजा हातात घेतला आणि दोनदा परत ठेवला. मग एका दुपारी बेल वाजली तेव्हा इन्स्पेक्टरनं डोळे उघडले, बेलकडे कपाळाला आठी घालून बघितलं, चौकशी पूर्ण झाल्यासारखा सुस्कारा सोडला आणि कुशीवर वळली. बाबाही आता चहा तोंडानं मागायला लागले. सगळ्या मजल्याला कळतं, आमच्याकडे चहा कधी होतो ते.

चौथी फेरी झाली, पाचवी झाली. आकडे पडायचे थांबले, एवढंच. सहावीनंतर पुन्हा हाडातला नमुना घेतला, आणि निकालाच्या दिवशी इन्स्पेक्टरला सर्दी. शिंकणारं पोर त्या वॉर्डात नेण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा बापलेक दोघेच गेले. "कळलं की लगेच फोन करा," मी बजावून सांगितलं होतं. फोन मोठ्या आवाजावर ठेवला, आणि तो वाजला नाही. मी बाटल्या उकळल्या. या वेळी पातेल्यासमोर उभी राहून. कपाट आवरलं. आवरलेलं पुन्हा काढलं. बातमी वाईट असेल म्हणूनच फोन करत नसतील. वाईट असती तर नवऱ्यानं केला असता, त्याला वाईट लपवता येत नाही. पण मग बाबांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला असेल तर?

आणि बेल वाजली.

वाजली म्हणजे कशी! रहदारीत अडकलेल्या माणसानं हॉर्नवर तळहात दाबून धरावा तशी. दार उघडलं तरी थांबेना. दारात बाबा, बोट बटणावर, आणि मागे जिन्यात धापा टाकणारा माझा नवरा.

"मीटर न वाचता आले वर!" तो म्हणाला.

"बाबा, आकडे! आकडे सांगा आधी!"

"कच्च्या पेशी निम्म्याहून कमी झाल्यात. प्लेटलेट्स चढतायत." बाबांनी आत येऊन पायातले बूट काढले. "पूर्ण बरा झालो असं नाही हं. बाई म्हणाल्या, औषध लागू पडतंय, चालू ठेवायचं. मालगाडी रुळावरच आहे. पण ब्रेक लागतोय, सूनबाई. अजून चरचरतोय, पण लागतोय!"

हे सगळं ते त्यांच्या मूळ आवाजात बोलले. खालून शिंपीणबाईनं टाळ्या वाजवल्या. मला रडायला येत होतं आणि हसायलाही, म्हणून मी नवऱ्याला दोन्हीबद्दल रागावले. "फोन का नाही केलास?"

"बाबा म्हणाले, बेलच वाजवू."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की एवढ्या गोंधळात आतून काहीच आवाज नाही. ना रडणं, ना हसणं. मी चपळाईनं आत गेले. इन्स्पेक्टर पाळण्यात दोन्ही हात डोक्यावर टाकून पडली होती. मी वाकून तिच्या नाकापुढे बोट धरलं. सर्दीनं चोंदलेला गरम श्वास बोटाला लागला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदाही बघून घेतलं.

"काय म्हणतायत इन्स्पेक्टर?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"झोपल्यात!"

"एवढ्या आवाजात?"

"एवढ्या आवाजात."

"मग आणखी एकदा वाजवू?"

माझं उत्तर यायच्या आत त्यांनी बटण दाबलं होतं.